मोकळी सोडलेली खेचरं

शाळेने कागदावर लिहिलं होतं की खेचरवाला इलारियो ग्वाहार्दो याने रात्री आपली जनावरं न बांधता मोकळी सोडली, हा त्याचा हलगर्जीपणा. ते वाक्य आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, खेचरं मोकळीच सोडतात. आमच्या तुनुयानच्या खोऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. डोंगरात वर वैरण कोण वाहून नेणार? त्यांनी रात्रभर हिंडून चरायचं असतं. अडकवायची ती फक्त घोडी. तिच्या पुढच्या दोन पायांत पायबंद आणि गळ्यात घंटा. ती चरत असते, घंटा वाजत असते, आणि तो आवाज कानावर आहे तोवर खेचरं तिला सोडून लांब जात नाहीत. म्हणून त्या घोडीला आमच्याकडे माद्रिना म्हणतात, म्हणजे मानलेली आई. आमच्या माद्रिनाचं नाव सार्का. स्वभावाने खाष्ट. माझ्या बापाशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला मानेला हात लावू द्यायची नाही.

इलारियो ग्वाहार्दो म्हणजे माझा बाप. मी आयेलेन, सगळे मला आये म्हणतात. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि मेंडोसा शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेत शिष्यवृत्तीवर शिकत होते, चेला मावशीकडे राहून. शाळा दर मार्चमध्ये आमच्या वयाच्या मुलांना चार दिवस डोंगरात साहस शिबिराला न्यायची. त्या वर्षी सामान वाहायला खेचरं हवी होती. मुख्याध्यापिका अरान्सिबिया बाईंनी मला बोलावून घेतलं आणि साखर पेरल्यासारख्या बोलल्या, "तुझे वडील हेच काम करतात ना गं? मग बाहेरचा कशाला, आपला घरचा माणूस आहे." पुढे या घरच्या माणसाची त्यांनी काय गत केली ते ऐका.

शिबिराचे सर्वेसर्वा होते व्यायामाचे शिक्षक सार्तोरी. त्यांना आम्ही प्रोफे म्हणायचो. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर आरशाचा चष्मा, पायांत गुडघ्यापर्यंत जाड लोकरीचे निळे-पिवळे मोजे, शाळेच्या रंगांचे. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला दोरीला लटकून ओढा पार करायला लावला. पोरं किंचाळत, भिजत पलीकडे गेली, मग गोल करून बसली आणि आज आपण धैर्य म्हणजे काय ते शिकलो असं एकेकाने उभं राहून सांगितलं. पापा लांब दगडावर बसून माते, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा चहा, पीत हा तमाशा बघत होते. मी जवळ गेले तर हळूच म्हणाले, "त्या वरच्या वळणावर पूल आहे, यांना कुणी सांगितलं नाही का?"

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. कारण वर्गातल्या पोरांनी सकाळपासून माझं नाव खेचरवाली ठेवलं होतं. लिसान्द्रो नावाचा एक लांबोडका मुलगा होता, वकिलाचा. तो माझ्यापुढून जाताना जीभ टाळूला लावून जनावर हाकल्याचा आवाज काढायचा. बाकीचे फिदीफिदी हसायचे. वाईट पोरगा नव्हता, पण घोळक्यात चांगलं पोरही बिघडतं.

पहिल्या रात्री घंटेने त्यांची झोप मोडली. सकाळी नाश्त्याला जो तो तेच बोलत होता.

"माझ्या उशाशी कुणी चर्च बांधलं होतं का?" फियोरेला म्हणाली. ती आमच्या वर्गातली राणी. ती शिंकली तरी चार जणी रुमाल घेऊन धावायच्या.

"आये, तुझ्या बापाची घोडी रात्री प्रार्थना करते वाटतं," लिसान्द्रो म्हणाला. "जरा लवकर आवरत जा म्हणावं."

मी पावाचा तुकडा कॉफीत बुडवत बसले. 

त्याच दिवशी सूर्य डोंगराआड गेला तेव्हा सार्तोरी प्रोफेंनी मला तंबूंच्या मागे बोलावलं. पापा झऱ्यावर पाणी भरायला गेले होते.

"आये, तू आपल्या टीममधली आहेस ना?"

"हो प्रोफे."

"उद्या खिंडीपर्यंत चढायचंय. पोरं आज झोपली नाहीत तर उद्या वाटेत बसकण मारतील. ती घंटा एक रात्र गप्प कर."

"घंटा काढायची नसते, प्रोफे."

"काढ कुठे म्हणतोय मी? आत काहीतरी कोंब." त्यांनी तिथेच वाकून बूट सोडला, पायातला एक मोजा ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. "मला ती घोडी जवळ येऊ देत नाही, चावायला धावते. आणि वडिलांना नको सांगूस. जुनी माणसं असतात, उगाच मनाला लावून घेतात."

मोजा गरम होता. मला तो तिथेच त्यांच्या तोंडावर फेकायला हवा होता. मला ठाऊक होतं की घंटा थांबली तर खेचरं सकाळपर्यंत कुठल्या कुठे जातील. चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. तरी मी मोजा घेतला. का घेतला ते सरळ सांगते. दोन दिवस खेचरवाली म्हणवून घेऊन मी कंटाळले होते आणि त्या संध्याकाळी मला त्यांच्यातली एक व्हायचं होतं. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

सार्का कुरणाच्या कडेला चरत होती. मला बघून तिने डोकं खाली केलं. मी घंटेच्या आत मोजा ठासला, आतला लोलक घट्ट बसला. वाजवून पाहिली. ठक असा मेलेला आवाज आला. एक रात्र काय होतंय, असं स्वतःला समजावत मी परत आले. प्रोफेंनी मला सगळ्यांच्या आधी चॉकलेट दिलं आणि फियोरेलाने आपल्या शेजारी जागा केली.

सकाळी मी तंबूतून बाहेर आले तेव्हा पापा सार्काजवळ उभे होते. ती एकटीच होती. सहाच्या सहा खेचरं गायब. पापांनी घंटा हातात घेतली, उलटी केली आणि आतून मोजा ओढून काढला. मग मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं. इतर कुणाकडे नाही. सार्काच्या गळ्याला हात घालू शकणारी माणसं जगात दोनच, आणि त्यातला एक ते स्वतः होते. ते चालत शेकोटीपाशी आले, मोजा किटलीखालच्या निखाऱ्यांत टाकला आणि लोकर जळेपर्यंत काटकीने दाबून धरला. सार्तोरी प्रोफे कपभर कॉफी घेऊन पलीकडेच उभे होते. त्यांनीही पाहिलं. जळक्या लोकरीचा वास सगळीकडे पसरला तरी एकानेही विचारलं नाही की हे काय जळतंय.

मग प्रोफेंनी घसा साफ केला. "दॉन इलारियो, जनावरं कुठे आहेत?"

"पांगली."

"पांगली म्हणजे? बांधली नव्हती?"

"नाही."

"बांधलीच नव्हती?" हे त्यांनी असं मोठ्याने विचारलं की तंबूतली पोरंसुद्धा बाहेर आली. तिथे ही गोष्ट सुरू झाली. करून सवरून नामानिराळं राहायचं असेल तर या माणसाकडे शिकवणी लावावी.

पापा सार्काला घेऊन खेचरं शोधायला निघाले, घंटा वाजवत. जाताना म्हणाले, मुलांना तळावरच ठेवा. पण प्रोफेंना शहाणपण सुचलं. त्यांनी आमचे चार गट पाडले, नकाशे वाटले आणि ज्या गटाला पहिलं खेचर सापडेल त्याला बक्षीस जाहीर केलं. तासाभरात लिसान्द्रो सुट्या दगडांच्या उतारावरून घसरला आणि त्याचा घोटा मोडला. त्याचं ओरडणं मी पलीकडच्या धारेवर ऐकलं.

दुपारपर्यंत पापांना चार खेचरं मिळाली. पाचवं सरळ खाली घराची वाट धरून निघालं होतं, ते तीन दिवसांनी आमच्या दारात येऊन उभं राहिलं. सहावी मोरोचा. ती नदीच्या घळीत पडली होती, पुढचा पाय कोपरात मोडून हाड बाहेर आलं होतं. मी धावत तिथवर गेले. पापांनी मला पाठमोरं उभं राहायला सांगितलं आणि कमरेचा सुरा काढला. मी बालवाडीत जायचे ती मोरोचाच्या पाठीवर बसून. पापा घळीतून वर आले तेव्हा त्यांच्या हातात नुसती मोरकी होती. 

त्यांनी लिसान्द्रोला खेचरावर बसवलं, त्याचा मोडका पाय घोंगडीत गुंडाळून आपल्या खांद्याशी धरला आणि तसेच सहा तास उतार उतरले. लिसान्द्रो वाटभर कण्हत होता आणि पापा त्याला वाटेतल्या प्रत्येक डोंगराचं नाव सांगत होते, त्याचं ध्यान दुसरीकडे जावं म्हणून.

शहरात परतल्यावर पालक चिडले. वकिलाच्या मुलाचा पाय मोडला म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात दोर पडणार. शाळेने गळा आधीच निवडून ठेवला होता. आठवड्यात शाळाभर झालं की खेचरवाला रात्री पिऊन पडला होता. माझ्या बापाने दारू सोडून बारा वर्षं झाली होती. ते पिऊन पडल्याचं फियोरेलाने मधल्या सुट्टीत माझ्यासमोर म्हटलं तेव्हा मी तिची वेणी धरून तिला भिंतीशी नेली, त्याबद्दल मला शिक्षाही झाली. तिच्या मागे उभ्या असलेल्या प्रोफेंनी मला ओढून बाजूला केलं आणि म्हणाले, "रागावर ताबा ठेवायला शिक, आये." या माणसाने मला हे सांगावं.

घरी पापांना फोन केला. "तुम्ही सांगत का नाही? मोजा तुमच्या हातात होता."

"कुणाच्या हातून आत गेला तेही सांगावं लागेल," ते म्हणाले. "तू अभ्यास कर."

मग बैठक ठरली. आमच्या शाळेत कुणी मोठ्याने खोकलं तरी ते नोंदवहीत लिहून हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या घेतात. या नोंदीची प्रत प्रांताच्या कचेरीत जाणार होती, जिथून खेचरवाल्यांना माणसं डोंगरात न्यायचा परवाना मिळतो. पापांनी हलगर्जीपणाखाली सही केली की परवाना गेला, आणि परवाना गेला की माझा बाप खोऱ्यात कुणाच्या तरी द्राक्षमळ्यात मजूर. हे मी बावन्न वर्षांच्या माणसाबद्दल सांगतेय, ज्याने त्या खिंडीतून निम्मं आयुष्य ये-जा केली.

बैठकीआधी अरान्सिबिया बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. खांद्यावर हात ठेवला. "तुझी शिष्यवृत्ती डिसेंबरमध्ये परत बघायची आहे हं, बाळा. हुशार मुलीने आपलं भलं ओळखावं." मऊ लागलं की लोक कोपराने खणतात. मी त्यांचा हात खांद्यावरून काढला.

खोलीत पाच जण होतो. बाई, प्रोफे, लिसान्द्रोचे वकील वडील, मी शिबिराची विद्यार्थिनी म्हणून, आणि पापा. नोंदवहीत बाईंनी आधीच सगळं लिहून ठेवलं होतं. पापा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते, टोपी मांडीवर. बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.

"चष्मा राहिला घरी," पापा म्हणाले. त्यांच्याकडे चष्मा कधीच नव्हता, वाचायला त्यांना वेळ लागतो एवढंच. "आये, वाच बघू काय लिहिलंय."

मी वाचायला लागले. तारीख, वार, हजर माणसं. मग ते वाक्य आलं, जनावरं न बांधता मोकळी सोडली.  मी पापांकडे पाहिलं. ते पेनाचं टोपण काढत होते, जणू पिठाच्या पावतीवर सही करायची आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे संन्यासी स्वतःच फास गळ्यात घालून घेत होता, माझ्यासाठी. मी वहीवरून डोळे न काढता त्याच सुरात पुढे वाचत गेले.

"घोडीच्या घंटेत प्रोफे सार्तोरी यांच्या पायातला मोजा कोंबलेला होता. तो विद्यार्थिनी आयेलेन ग्वाहार्दो हिने प्रोफे सार्तोरी यांच्या सांगण्यावरून कोंबला. घंटा बंद पडल्यामुळे खेचरं पांगली. खेचरवाल्याला यातलं काहीच माहीत नव्हतं."

बाई पुढे वाकल्या. "हे मी कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलं. लिहा."

"पोरगी बापाला वाचवायला काहीही बोलतेय," प्रोफे म्हणाले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "मी घंटा गप्प कर म्हटलं होतं, खेचरं हाकलून दे नव्हतं म्हटलं."

हे बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. वकिलांनी सावकाश मान वळवली. "म्हणजे सांगितलं होतंत तुम्ही."

बाईंनी पटकन वही आपल्याकडे ओढली. बाईंचं एक मानावं लागेल, त्यांचं डोकं फार वेगाने चालतं. "हे बघा, आपण शब्दांत अडकायला नको. सगळ्यांच्या भल्याचं लिहू. अनपेक्षित कारणामुळे जनावरं पांगली. कुणाचंच नाव नको. दॉन इलारियोंचा परवाना शाबूत, शाळेचं नाव शाबूत, मुलीचं वर्ष शाबूत. पटतंय?"

प्रोफेंनी सुस्कारा सोडला. पापांनी मान डोलावली आणि पुन्हा पेन उचललं.

माझं टाळकंच सरकलं. "पापा, सही करायची नाही."

"मिटलं ना, पोरी."

"काय मिटलं? मोरोचा अनपेक्षित कारणाने मेली? तिचा गळा तुम्ही अनपेक्षित कारणाने कापलात? उद्या खोऱ्यात कुणी विचारलं काय झालं, तर सांगणार काय? की इलारियोच्या खेचरांना एके दिवशी अशीच हुक्की आली? हे पिऊन पडले होते असं शाळाभर बोलतात, बाई, ते पुसून कोण काढणार? तुम्ही?"

"आवाज खाली," बाई म्हणाल्या.

"नाही करणार खाली. आवाज बंद केला म्हणून तर हे सगळं झालं."

  पापांनी बाईंच्या हाताखालून वही हळूच ओढून घेतली, माझ्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. "तू लिही," म्हणाले. "अक्षर नीट काढ."

मी लिहिलं. आधी माझं नाव लिहिलं, माझ्या हातांनी केलं असं लिहिलं, मग प्रोफेंचं. पापांनी खाली एकेक अक्षर काढून सही केली. वकिलांनीही केली आणि उठताना पापांशी हात मिळवला, मुलाचा पाय सहा तास धरून ठेवल्याबद्दल आभार, असं म्हणाले. प्रोफेंनी सही केली नाही. ते आजही त्याच शाळेत आहेत आणि आजही शिबिर नेतात, फक्त खेचरांशिवाय, जिथे गाडी दारापर्यंत जाते तिथे. मला डिसेंबरमध्ये कळवलं की गुण पुरेसे नसल्याने शिष्यवृत्ती पुढे चालवता येत नाही. माझे गुण दहापैकी नऊ होते. मी तुनुयानच्या शाळेत नाव घातलं. पापांचा परवाना मात्र राहिला, त्याला कुणी हात लावू शकलं नाही.

बैठक संपली त्या दिवशी पापा मला चार दिवस घरी घेऊन निघाले. जुना ट्रक, खिडकीची काच वर जात नाही, वारा तोंडावर.  मी बोलतच सुटले. सार्तोरी कसा भित्रा, बाई कशा मखमली सुरी, त्यांना अजून काय काय सुनवायला हवं होतं. पापा ऐकत होते. मला वाटलं आता ते पाठीवर हात ठेवतील, म्हणतील की शाब्बास, बापाचं नाव राखलंस. मला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू.

महामार्ग सोडून आमच्या वाटेला लागल्यावर त्यांनी विचारलं, "सार्तोरीला ठाऊक होतं का, घंटा थांबली की काय होतं ते?"

"त्या गाढवाला काय ठाऊक असणार? त्याला वाटतं घंटा शोभेची असते."

"आणि तुला?"

मी खिडकीची काच वर ओढायला लागले.

"विचारतोय मी."

"मला होतं ठाऊक."

"हं," म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.  नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. बाकी सगळ्यांवरचा राग मी कुणाकुणाला सांगून, भांडून, दारं आपटून काढला. या एका प्रश्नाचा राग कुणावर काढायचा ते मला माहीत आहे, म्हणून तो अजून तसाच आहे.